पावणेतीन ते साडेतीन

आमच्या घरमालकीणबाई रोज दुपारी पावणेतीनला घराला बाहेरून कुलूप लावायच्या आणि घरात जाऊन बसायच्या.

हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग मला दुरुस्त करू लागतो. पण ते बरोबर आहे. नेरूळच्या त्या रो-हाउसच्या ओळीत त्यांचं घर कोपऱ्यापासून तिसरं. खाली त्या, त्यांचे यजमान, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. पावणेतीन वाजले की काकू चपला घालायच्या, हातात कापडी पिशवी घ्यायच्या, पुढच्या दाराला पितळी कुलूप लावायच्या, ते दोनदा ओढून बघायच्या आणि समोरच्या ओट्यावर कुणी असेल तर त्याला ऐकू जाईल अशा बेताने "चला" म्हणायच्या. मग कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत, आणि मागच्या दाराने परत घरात. साडेतीनला हाच प्रवास उलटा. येताना पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावायची. ती सकाळीच आणलेली असायची.

मधल्या पाऊण तासात त्या कथा लिहायच्या.

मला हे कळलं ते तापामुळे. मी महाप्याच्या एका कंपनीत होतो, दुपारी घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या दिवशी ताप होता म्हणून वर पडून होतो. खाली कुलूप लागल्याचा आवाज ऐकला, "चला" ऐकलं, आणि पाचच मिनिटांनी बंद घरातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. चोर, असं वाटून मी हातात छत्री घेऊन मागच्या बाजूला गेलो. मागच्या अंगणावर पत्रे टाकून केलेल्या खोलीत वॉशिंग मशिन होतं. मशिनच्या झाकणावर वही, आणि वहीवर ओणवलेल्या काकू.

त्यांनी मान वर न करता म्हटलं, "ओरडू नका. मी घरी नाही."

मी छत्री खाली केली.

"ताप उतरला का? नसेल तर साडेतीनला पेज देते. आता जा."

साडेतीनला पेज आली, आणि पेजेबरोबर शपथ. कुणाला सांगायचं नाही. मी विचारलं, "पण काकू, कुलूप कशाला? नुसतं दार लावून बसलात तर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अविवाहित पुरुषांकडे बायका कधीकधी बघतात तशा.

"सगळं करून झालं," त्या म्हणाल्या. "बेल काढून टाकली, तर दार वाजवायला लागले. झोपते म्हणून सांगितलं, तर 'उठली असशील म्हणून आले' म्हणायला लागले. एकदा खरं सांगितलं, लिहीत असते म्हणून. त्यानंतर तर कहरच. 'लिहीतच बसलीयस ना, मग जरा आमचा गॅस येणारे तो घेऊन ठेव.' ताप आलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही, पोथी वाचणारीला मारत नाही. लिहिणारी दिसली की लोकांना वाटतं, ही रिकामी आहे. कुलपाशी मात्र कुणी वाद घालत नाही."

या कटात एकच साथीदार होता: सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर असायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, आवाज शिवारभर जाईल असा. पण पावणेतीनला त्या खिडकीचा पडदा ओढायच्या आणि टीव्हीचा आवाज बंद करायच्या. मालिका मुकीच बघायच्या आणि पात्रांच्या तोंडी मनातच संवाद घालायच्या. "ते बोलत्यात त्यापेक्षा माझं बरं असतंय," असं त्यांनीच मला सांगितलं. सुनेला त्या कधी "काय लिहितीस" असं विचारत नसत. फक्त साडेतीनला म्हणायच्या, "झालं का तुझं बाजाराला जाऊन?"

आता माझं सांगतो. मीही त्या काळात लेखक होतो. म्हणजे माझ्याकडे टेबल होतं, टेबलावर वाकवता येणारा दिवा होता, फोन ठरावीक वेळ बंद ठेवणारं अ‍ॅप होतं आणि एका कादंबरीचा आराखडा होता. वेळ तेवढा नव्हता. तो नाही हे मी इतक्या जणांना इतका वेळ सांगत असे की तेवढ्यात दोन प्रकरणं झाली असती.

काकूंकडे यातलं काही नव्हतं. वही मुलीची, गेल्या वर्षीची. शाळेच्या वह्यांची मागची पानं कोरी राहतात, त्यात त्यांच्या कथा. एक कथा भारतातल्या नद्यांच्या नकाशाखालून सुरू झाली होती आणि तिच्या समासात शाळेतल्या बाईंनी लाल शाईत 'अक्षर सुधारा' लिहिलेलं होतं. मशिन उंच, स्टूल बुटकं. लिहिताना त्यांची हनुवटी कागदाला टेकायला आलेली असे. मशिनमध्ये कपडे धुवायला लावलेले असतील तर अक्षर थरथरीत यायचं. त्यांच्या वह्या बघून कुठलं पान कपडे पिळत असताना लिहिलंय हे मी ओळखू शकत असे.

सकाळी त्या शंभरेक पोळ्या लाटायच्या. आसपासच्या कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या मुलांचे डबे होते. कथा खरी तिथे व्हायची. वाक्य पोळीबरोबर लाटायचं, उलटायचं, पुन्हा लाटायचं. "लिहून ठेवत का नाही लगेच? विसरलात तर?" मी विचारलं.

"शंभर पोळ्या होईपर्यंत जे टिकत नाही ते वाईटच असतं," त्या म्हणाल्या. "विसरलं की सुटले."

"आणि प्रेरणा?"

"काय असते ती?"

"म्हणजे लिहावंसं वाटणं."

"मला रोज पोळ्या लाटाव्याशा वाटतात असं वाटतं का तुम्हाला? कणीक भिजवली की लाटायच्या. नाहीतर आंबते."

कादंबरीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "पाऊण तासात कादंबरीतला माणूस अंघोळ करूनसुद्धा बाहेर येत नाही," असं त्या म्हणत. त्यांच्या कथेत पहिल्या ओळीत कुणीतरी काहीतरी केलेलं असायचं. चंद्र, वारा, झाडं यांना तिथे शिरायला वेळच नव्हता. तीन-चार दिवाळी अंकांत त्या कथा छापून आल्या होत्या. यजमान ते अंक कंपनीत नेऊन दाखवायचे, पण हे केव्हा लिहून होतं हा प्रश्न त्यांना पडला नसावा. घरात स्वच्छ कपड्यांची घडी कपाटात आपोआप येते, तसंच हेही होत असणार, असा त्यांचा समज असावा.

आता अध्यक्षांना आणायला हवं. आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण दारावरच्या पाटीवर हुद्दा होता, आणि त्यापुढचा 'निवृत्त' हा शब्द वाचायला गेटच्या आत जावं लागे. ते दर महिन्याला साहित्यप्रेमींची बैठक घेत. 'लेखनासाठी वेळ कसा काढावा' या विषयावर त्यांचं भाषण मी ऐकलं आहे. ते अडीच तास चाललं. पहाटेचं महत्त्व, मनाची एकाग्रता, कोपऱ्यातलं स्वतंत्र टेबल. मी नोंदी घेतल्या. काकूंना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवल्या. त्या मेथी निवडत होत्या.

"त्यांनी काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. "संघाच्या सूचना लिहितात फलकावर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी वेगळी टाकली.

गल्लीला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता: ही बाई रोज जाते कुठे? समोरच्या घरातल्या वहिनी या विषयातल्या तज्ज्ञ होत्या. त्यांच्या ओट्यावरून आमचं दार नीट दिसे. आधी त्यांचं मत पडलं की काकूंनी कामोठ्यात कसलं तरी दुकान काढलंय. मग एखादा महाराज. मग वहिनींचा आवाज जरा खाली आला आणि तिसरं मत पडलं, ज्यात कुणीतरी माणूस होता आणि तो दिघ्याला राहत होता. दिघाच का, ते कळलं नाही; बहुधा पाऊण तासात जाऊन येता येणार नाही म्हणूनच असावं, गूढ वाढतं. मला जिन्यात गाठून त्यांनी विचारलंही.

"तुमी वरच राहता. तुमाला म्हाईत असेल ना?"

"मी ऑफिसात असतो, वहिनी."

"तेच तर. सगळे ऑफिसात असतात तेव्हाच जाते ना ती!"

मी काकूंना हे सांगितलं. मला वाटलं, त्या हादरतील. त्यांनी दिघ्याच्या माणसाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, काय वय असेल, काय करत असेल, आणि म्हणाल्या, "बरा आहे. वापरते."

"पण काकू, तुमचं नाव खराब होतंय."

"नाव होऊ दे खराब. वेळ शाबूत आहे ना? एकदा कळलं मी घरातच असते, की संपलं. मला दुसरा पाऊण तास नाहीये, कळलं का? चोवीस तासांत शोधून बघितलाय. नाहीये."

हे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की माझ्या टेबलाची आणि दिव्याची मला लाज वाटली.

गोष्ट फुटली ती एका शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. वहिनींना बंद घराच्या पुढच्या खिडकीचा पडदा हललेला दिसला, आणि त्यामागे एक म्हातारा हात. आजी आतच असतात, हे दिघ्याच्या नादात इतके दिवस त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. झालं. त्यांनी संघाच्या ग्रुपवर टाकलं: आजारी म्हातारीला कोंडून सून रोज भटकायला जाते. तीनच्या सुमारास दारासमोर आठ-दहा माणसं जमली आणि मध्ये अध्यक्ष, इस्त्रीच्या झब्ब्यात. दुपारी तीनला ते झोपायचे; म्हणजे हा झब्बा त्यांनी खास घातला होता.

"आजी!" अध्यक्षांनी खिडकीशी जाऊन हाक मारली. "घाबरू नका. आम्ही तुम्हाला सोडवायला आलो आहोत."

पडदा सरकला. "कोन हाय? कुठं न्यायला आलासा मला? अजून येळ हाय माझा."

"आजी, सून कुठे गेलीय?"

"तिच्या कामाला."

"कधी येते?"

"साडेतीनला. तवा या." पडदा बंद.

"भीतीपोटी बोलतायत," अध्यक्ष जमावाला म्हणाले. "हा गुन्हा आहे. ज्येष्ठ नागरिकाला डांबून ठेवणं. कुलूप फोडावं लागेल." कुणीतरी हातोडी आणायला गेलं.

मी मागच्या गल्लीतून धावलो. काकू लिहीत होत्या. कपाळावरून घाम ओघळत होता, म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"काकू, ते कुलूप फोडतायत! तुम्ही पुढे जाऊन सांगा ना, घरात आहे म्हणून."

"किती वाजले?"

"तीन वाजून बारा मिनिटं."

"अठरा मिनिटं आहेत अजून."

"अहो, पण कुलूप!"

"मी उठून गेले तर कुलूप वाचेल," त्या म्हणाल्या. पेन थांबलं नव्हतं. "वाक्य जाईल. तुम्हीच सांगा काय महाग आहे."

पुढे हातोडीचा पहिला घाव बसला, त्याबरोबर सासूबाईंचा आवाज: "अरं मुडद्यांनो, दार का मोडताय!" मशिन बंद असूनही काकूंच्या त्या ओळीतलं अक्षर थरथरीत आलं. त्या ओळीत त्यांनी खाडाखोड केली नाही.

पाचव्या घावाला कुलूप गेलं. सगळी मिरवणूक पुढची खोली, स्वयंपाकघर असं करत मागे आली आणि वॉशिंग मशिनपाशी थांबली. सगळ्यात पुढे अध्यक्ष. त्यांच्या खांद्यामागून वहिनी. काकूंनी डावा हात वर केला, पंजा उघडा, मान खालीच.

आणि ते थांबले! दहा माणसं, हातात हातोडी, एका बाईचं वाक्य पुरं होण्याची वाट बघत उभी. अध्यक्षांनी दोनदा खाकरून पाहिलं.

पूर्णविराम देऊन काकूंनी वही मिटली. "बोला."

"तुम्ही घरातच होतात?"

"हो."

"मग बाहेरून कुलूप कशाला?"

"तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या.

वहिनींनी मशिनवरची वही पाहिली, काकूंकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, "एवढंच?"

संध्याकाळी यजमानांनी नवीन कुलूप आणलं. "आता यापुढे सरळ लिही की," ते समजुतीने म्हणाले. "लपायचं काय त्यात?" ते माणूस म्हणून वाईट नव्हते. काकूंनी कुलूप घेतलं आणि सासूबाईंच्या औषधाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. आता त्याचा उपयोग नव्हता. सोमवारी पावणेतीनला एक बाई इडलीपात्र मागायला आली, दुसरी मुलाचा अर्ज भरून घ्यायला. मंगळवारी तिघी. पाऊण तास आता गल्लीच्या मालकीचा झाला होता.

बुधवारी काकूंनी पुढचं दार आणि मागचं दार, दोन्ही सताड उघडी टाकली आणि लिहायला बसल्या. येणाऱ्याला रस्त्यावरूनच दिसायचं: लांब अंधाऱ्या घराच्या दुसऱ्या टोकाला मशिनवर ओणवलेली बाई. लोक आत यायचे, हाका मारायचे, शेजारी येऊन उभे राहायचे. डावा पंजा वर व्हायचा. बस. त्याउपर कुणी बोललंच तर पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "ती न्हाई घरात. दिसंना का तुला?" बायका रागावल्या. शिष्ट झाली म्हणाल्या. दोघींनी बोलणं टाकलं. काकूंना याचं वाईट वाटायचं, हे मला ठाऊक आहे. त्या दोघींपैकी एक त्यांची जुनी मैत्रीण होती. पण साडेतीनच्या आत वाईट वाटायलाही त्यांना वेळ नव्हता.

यात पहिली माघार घेतली ती अध्यक्षांनी, पण माघारसुद्धा त्यांनी पुष्पगुच्छ देत असल्यासारखी घेतली. संघाचा महिला मेळावा होता. 'संसार सांभाळून साहित्यसेवा' या विषयावर काकूंचं भाषण आणि सत्कार. वेळ, शनिवारी दुपारी अडीच ते पाच.

"त्या वेळी मी लिहिते," काकू म्हणाल्या.

"अहो, एका दिवसाने काय होतंय?"

"एक दिवस आले की पुढच्या वेळी तुम्ही म्हणाल, त्या दिवशी आलात की."

अध्यक्षांना हा विनय वाटला. त्यांनी पत्रिका छापली, प्रमुख पाहुण्या म्हणून काकूंचं नाव, मोठ्या अक्षरात. यजमानांनी नवा शर्ट शिवून घेतला. "जाऊन ये गं," ते म्हणाले, "फोटो येईल. कंपनीत दाखवीन." मुलगीही म्हणाली. मीसुद्धा म्हटलं, जा, हे मी लपवत नाही. मला वाटलं, इतकं झाल्यावर बाईने थोडी शाल पांघरून घ्यावी.

शनिवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता काकूंनी मला बोलावलं आणि वहीचं फाडलेलं, घडी केलेलं पान दिलं. "तुम्ही जाणार आहात ना? हे जवळ ठेवा. मी गेले नाही की ते मला आजारी पाडतील. बाई आली नाही की ती आजारी असते, नाहीतर घरचे सोडत नाहीत. तसं काही बोलले तर उभं राहून हे वाचा. नाही बोलले तर फाडून टाका."

"मी वाचू? सगळ्यांसमोर?"

"दीड वर्ष माझ्या डोक्यावर राहताय. एक परिच्छेद वाचता येणार नाही?"

सभागृह भरलं होतं. पाहुण्यांची खुर्ची रिकामी, तिच्यावर शाल आणि नारळ. अध्यक्षांनी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली, मग माइकवर आले. आजच्या प्रमुख पाहुण्या, ते म्हणाले, प्रकृती अचानक बिघडल्यामुळे इच्छा असूनही येऊ शकत नाहीत.

मी उभा राहिलो. अध्यक्षांना वाटलं मी आभार मानणार आहे, म्हणून त्यांनी हसून माइक पुढे केला. मी पान उघडलं.

"मी आजारी नाही. घरच्यांनीही मला अडवलेलं नाही. या वेळी मी रोज लिहिते आणि आत्ताही लिहीत आहे. पत्रिकेत माझं नाव मी नाही म्हटल्यावरही छापलं आहे. संसार सांभाळून साहित्यसेवा मी करत नाही. मी पाऊण तास कुणाचीच सेवा करत नाही. साडेतीननंतर कुणीही यावं, चहा करीन."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी माझ्या हातून माइक घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज सभेचाच होता. "गैरसमज झालेला दिसतो," ते म्हणाले. "घर दोन मिनिटांवर आहे. कुणीतरी महिला सदस्य जाऊन त्यांना सन्मानाने घेऊन या बरं."

दोघी-तिघी लगेच उठल्या. सभागृहाला एकच दार होतं आणि दाराशी शेवटच्या खुर्चीवर समोरच्या वहिनी बसल्या होत्या. त्यांनी उठणाऱ्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची फरफटत दारात आणून आडवी टाकली.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "अजून वीस मिनटं आहेत तिची."